मधला देश

सिगारच्या एका खोक्यामागे आदगोंडा मगदूमांना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडते. अमेरिकेतल्या एका ट्रॅक्टर कंपनीची पाच वर्षांची ऑर्डर मिळणार होती. त्या ऑर्डरच्या भरवशावर घेतलेली आणि अजून एकदाही न पेटलेली नवी भट्टी पेटणार होती. आणि ती पेटली की भिंतीपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला तिची धडधड रात्रंदिवस ऐकावी लागणार होती. माझ्या मते हा तिसरा फायदाच त्यांच्या मनात पहिला होता. एवढ्याच्या बदल्यात खर्च काय, तर पंचवीस सिगार.

"सासने मॅडम," आण्णा मला म्हणाले, "क्युबाचा सिगार म्हंजे नेमकं काय ओ?"

"तंबाखूच्या पानाची गुंडाळी, आण्णा. आत तंबाखू, बाहेरनं तंबाखू."

"म्हंजे विडी."

"मोठी विडी."

"आणि एवढा मोठा साहेब विडीसाठी जीव टाकतोय?" आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकलेला हा माणूस. "बरं. आणा एक खोकं. कुठनं आणलं ते मला सांगू नका."

हे दोन हजार पाच सालचं. सांगलीच्या रस्त्यावर, हातकणंगल्याच्या अलीकडे मगदूमांची फौंड्री होती. तिथं मी निर्यातीची कागदपत्रं बघायचे आणि परदेशी गिऱ्हाईक आलं की आण्णांचं इंग्रजी व्हायचे. ते लॉइड बर्जेससाहेब म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचे खरेदीप्रमुख. निवृत्तीला टेकलेले, उंच, पोट सुटलेले. डोळे मात्र असे, की समोरच्याच्या खिशात काय आहे ते आधी बघतील आणि मग हसतील. सिगारचा विषय त्यांनीच काढला होता, महिनाभर आधी, हायवेवरच्या एका हॉटेलात.

झालं असं, की वेटर आला आणि आण्णांनी सांगितलं, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको. बर्जेससाहेबांना बटाट्याचं फार वाईट वाटलं.

"त्यांना विचारा," ते मला म्हणाले, "इथं त्यांच्या घरचं कुणी नाही. एक बटाटा खाल्ला तर कळणार कुणाला?"

मी विचारलं. आण्णा शांतपणे म्हणाले, "सांगा त्यांना, नियम घेतला की घेतला. आम्ही तो घरात खुंटीला टांगून बाहेर पडत न्हाई. जाईल तिथं संगं येतो."

बर्जेससाहेबांनी काटा खाली ठेवला. "मग हा माणूस मला समजून घेईल," म्हणाले. "आमच्या देशात क्युबाचा सिगार विकता येत नाही, विकत घेता येत नाही. आता तर सरकारनं अगदी स्पष्ट केलंय, की परदेशात गेलात तरी ओढायचा नाही. माझा कायदा माझ्या पासपोर्टबरोबर फिरतो."

आण्णांना ही गोष्ट एकदम आवडली. आपल्यासारखाच नियमाचा माणूस भेटला असं वाटून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"किती वर्षं झाली म्हणावं?"

"बासष्टपासून."

"भांडण कशावरनं?"

"मिळकतीवरून. त्यांच्याकडे क्रांती झाली. आमच्या कंपन्यांच्या जमिनी, कारखाने त्यांनी ताब्यात घेतले. आम्ही सगळा व्यवहार तोडला."

"आणि ह्यो क्युबा किती लांब?"

"नव्वद मैल. मध्ये समुद्र."

आण्णा माझ्याकडे वळले. इतकी वर्षं जागतिक राजकारणाचं पान न उघडता पुढे जाणारा माणूस, पण आता चेहरा उजळला होता. "म्हंजे भावकी हाय की ओ!"

भावकीला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला आजही माहीत नाही. मी सांगितलं, ज्यांची भिंत एक असते आणि तोंडं दोन दिशांना असतात, अशा नातेवाइकांना आमच्याकडे एक शब्द आहे. साहेब म्हणाले, आम्हाला असा शब्द पाहिजे होता.

आता आण्णांची भिंत. त्यांचे वडील बाबगोंडा यांनी एकाच प्लॉटवर पुढे फौंड्री आणि मागे घर बांधलं, आणि दोन मुलांची लग्नं दोन सख्ख्या बहिणींशी लावून दिली. घर एक राहावं म्हणून. वडील गेले. एक्याऐंशी साली श्रवणबेळगोळला बाहुबलींचा महामस्तकाभिषेक होता. आण्णा तिकडे गेले आणि परत येऊन बघतात तर फौंड्रीतले निम्मे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, गायब. धाकट्या भूपालने, म्हणजे तात्यांनी, ते ट्रकात घालून प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेले होते. तात्यांचं म्हणणं, बँकेच्या खात्यावरची माझी सही आण्णांनी आधी काढली, पॅटर्न मी नंतर हलवले. कोण आधी आणि कोण नंतर, यावर मग प्लॉटच्या बरोबर मधून भिंत उठली. अलीकडे मगदूम फौंड्री, पलीकडे न्यू मगदूम फौंड्री. पलीकडचं पाणी प्यायचं नाही, पलीकडची भाकरी खायची नाही, पलीकडच्या माणसाशी बोलायचं नाही. हा आण्णांचा नियम, आणि पलीकडून तात्यांचाही हाच.

"आणि बंदीचा फायदा काय झाला म्हणावं?" आण्णांनी हॉटेलात विचारलं.

बर्जेससाहेब हसले. "चाळीसच्या वर वर्षं झाली. तिथलं सरकार तेच आहे. सिगार मात्र आमच्याकडे येतोच, कॅनडातून. भाव तिप्पट. फायदा झालाच असेल तर मधल्या देशाचा."

"ते होऊ द्या. पण एकदा बंद म्हंजे बंद. बरोबर केलं."

"असं म्हणतात," साहेब पुढे झुकून म्हणाले, "की ज्या राष्ट्राध्यक्षानं त्या बंदीवर सही केली, त्यानं आदल्या दिवशी माणूस पाठवून स्वतःपुरते हजारभर सिगार आणवून घेतले होते."

हे मात्र आण्णांना रुचलं नाही. "चातुर्मास लागायच्या आदल्या दिवशी कांद्याची भजी हाणणारे आमच्यातबी हाईत," ते म्हणाले. "त्यांचा नियम पोटातनं नसतोय."

साहेबांनी उरलेला चहा संपवला आणि मग हळूच म्हणाले, "निवृत्त व्हायच्या आधी एक तरी खरा क्युबाचा सिगार ओढायचाय. कायद्याचं काय ते माझं मी बघून घेईन."

गाडीत बसल्यावर आण्णांनी निकाल दिला: पाहुण्याचा नियम पाहुण्यानं बघायचा, आपण पाहुणचार बघायचा.

कोल्हापुरात मी चार पानपट्ट्या फिरले. एकानं मला दिंडिगलचे चिरूट दाखवले, दुसऱ्यानं लवंगेच्या विड्या. तिसरा म्हणाला, "ताई, तुमच्यासारखी बाई हे मागतीय म्हंजे घरी काय तरी बिघडलंय." शेवटी मी हरून आण्णांच्या स्वयंपाकघरात रत्नाकाकूंपुढे बसले. आण्णांच्या बायको. त्या भडंगाला फोडणी देत होत्या.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "पद्माचा महावीर दुबईत हाय की. त्यानं पाठवलंय एक खोकं. कपाटात पडलंय."

पद्मा म्हणजे पलीकडच्या पद्माकाकू. रत्नाकाकूंची धाकटी बहीण, तात्यांची बायको.

"पण काकू, पलीकडचं..."

"पलीकडचं काय?" काकूंनी भडंग हलवलं. "ह्यातली लसणाची चटणी पलीकडची हाय. ह्यांना लसूण चालत न्हाई, मला चालतोय. तिकडं माझं लोणचं जातंय."

मग हळूहळू मला कळलं, की त्या भिंतीला कान, हात, पाय सगळं होतं. वाळूचा ट्रक एकच यायचा, निम्मा अलीकडे रिकामा व्हायचा, निम्मा पलीकडे. भंगारवाला एकच. दोन्हीकडचे कामगार एकाच गाड्यावर चहा प्यायचे आणि कुणाच्या फौंड्रीत बोनस किती, ते मालकाच्या आधी दुसऱ्या मालकाच्या माणसांना कळायचं. चोवीस वर्षं बंदी नीट पाळली होती ती फक्त दोन माणसांनी. बाकी सगळ्यांनी ती त्यांना पाळू दिली होती.

खोकं हातात पडलं ते रविवारी, बस्तीत. बस्ती म्हणजे आमच्याकडे जैन मंदिराला म्हणतात. दोघी बहिणी दर रविवारी तिथं भेटायच्या. तंबाखू बस्तीत न्यायची नाही, म्हणून पद्माकाकू चपलांच्या स्टँडपाशी पिशवी धरून उभ्या होत्या.

"तात्यांना कळलं तर?" मी विचारलं.

"कपाट कोण आवरतंय घरात?" पद्माकाकू म्हणाल्या. रत्नाकाकू हसल्या. दोघी हसल्या की एकच बाई हसल्यासारखी वाटायची.

मग त्या लग्नाचं बोलायला लागल्या. पद्माकाकूंच्या राजुलचं लग्न वैशाखात ठरलं होतं, मांडव घरच्याच अंगणात. रत्नाकाकू तिची सख्खी मावशी आणि थोरली काकू, दोन्ही बाजूंनी आईच. पण भिंतीनंतर जन्मलेल्या त्या पोरीला स्वतःच्या घरात पाटावर बसवून जेवू घालायला त्यांना एकदाही मिळालं नव्हतं.

"लग्नाला यायला मिळतंय का बघू," रत्नाकाकू म्हणाल्या.

"बघू काय? यायचंच," पद्माकाकू म्हणाल्या.

मी पिशवी घेऊन निघाले. आण्णांनी खोकं हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं, वास घेतला, शिंकले. कुठनं आणलं, ते विचारलं नाही.

बर्जेससाहेब गुरुवारी आले. शेवटचा निर्णय त्याच दिवशी होणार होता. दुपारी आण्णांच्या घरी जेवण. त्यांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. फेट्यात साहेब एखाद्या संस्थानाच्या हरवलेल्या दिवाणासारखे दिसत होते. पुरणपोळीवर तूप पडलं, कटाची आमटी आली आणि मग आण्णांनी उठून, दोन्ही हातांनी, ते खोकं त्यांच्यासमोर धरलं.

साहेब बघतच राहिले. मग मोठ्यानं हसले. "काय योगायोग! सकाळी मी तुमच्या शेजारी होतो. मिस्टर भूपाल यांच्याकडे. तेही मला सिगारच देणार होते. मोठ्या थाटात कपाट उघडलं, तर खोक्याच्या जागी पापडाचा पुडा! बिचारे फार ओशाळले. पापड मात्र चांगले होते."

साहेब दोन्ही फौंड्र्या बघत होते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आण्णांना तर नव्हतंच. आण्णा माझ्याकडे बघत होते, भाषांतरासाठी.

"साहेबांना पापड आवडले म्हणतात," मी म्हणाले.

"मॅडम," आण्णा म्हणाले, "मला इंग्रजी येत न्हाई. पण भूपाल कळतंय. सिगार कळतंय. आणि पापडबी कळतोय. सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात रत्नाकाकू पोळीचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्या हलल्या नाहीत. आण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मग खोक्याकडे. चोवीस वर्षं ज्या घरात पलीकडची काडी आली नव्हती (असं ते समजत होते), त्या घरात, त्यांच्याच दोन हातांत, पलीकडचा माल होता.

"हे आमच्या घरात न्हाई चालायचं," ते म्हणाले.

"आण्णा, साहेबांना द्यायचंय," मी कुजबुजले. "भट्टी..."

"भट्टी गेली खड्ड्यात. नियम म्हंजे नियम."

आणि ते खोकं घेऊन मागच्या अंगणात चालू लागले. खोकं परत करायचं तर होतं, पण पलीकडे माणूस पाठवायचा नाही हाही त्यांचाच नियम. म्हणून स्वतःच निघाले. मागून मी, माझ्यामागे फेटा बांधलेले बर्जेससाहेब.

भिंत पुरुषभर उंच होती. आण्णांनी मोल्डिंगची एक रिकामी पेटी उलटी घातली, तिच्यावर चढले. मी दुसरी पेटी घेतली. साहेबांना कशावरही चढायची गरज पडली नाही. त्यांचा फेटा आपोआपच पलीकडे दिसायला लागला.

"हाक मारा मॅडम."

"कुणाला?"

"पलीकडं जो कोण असंल त्याला."

"तात्या!" मी ओरडले.

तात्या आले. तेही कशावर तरी चढले. भिंतीवर दोन टोप्या समोरासमोर आल्या, एकाच शिंप्याकडच्या. दोन हातांचं अंतर होतं. दोघांनी माझ्याकडे तोंड केलं.

"सांगा त्यांना," आण्णा म्हणाले, "त्यांचा माल चुकून आमच्यात आला. परत घ्या म्हणावं."

"तात्या, आण्णा म्हणतात..."

"ऐकलं मी. विचारा त्यांना, माझ्या कपाटातला माल त्यांच्यात कसा गेला? पाय फुटले काय खोक्याला?"

"आण्णा, तात्या विचारतात..."

"सांगा, पाय एक्याऐंशीलाच फुटले. पहिल्यांदा पॅटर्नला फुटले."

"म्हणावं, बँकेतनं माझी सही काढली तवा पेनाला पाय फुटले होते काय?"

आजवर मी जर्मन साहेबाचं इंग्रजी मराठीत केलं, कोरियनचं केलं. मराठीचं मराठी करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मध्ये तात्या एक अस्सल गावरान शब्द बोलले, तो मी जरा गाळला.

"गाळू नका," आण्णा म्हणाले. "पुरतं सांगा."

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"मिळकतीचं," मी म्हणाले.

"अच्छा," साहेब समजूतदारपणे म्हणाले.

आण्णांनी खोकं भिंतीवर ठेवलं. "घ्या म्हणावं."

"एकदा त्यांच्या घरात जाऊन आलेलं मी घेत न्हाई."

"मग असू दे हितंच."

"असू दे."

खोकं भिंतीवर राहिलं. उन्हात त्याचं झाकण चमकत होतं. बर्जेससाहेबांनी ते बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "आत्ता हे नेमकं कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही."

साहेबांनी विचार केला. "म्हणजे मी विकत घेतलेला नाही. मला कुणी दिलेलाही नाही. ज्या वस्तूच्या मालकीचा वाद आहे, तिची मी फक्त देखभाल करतोय." असं म्हणून त्यांनी खोकं उघडलं, एक सिगार काढला, नाकाखालून सावकाश फिरवला आणि पेटवला. डोळे मिटले. त्यांच्या सरकारच्या डोळ्यात ही देखभाल बसली असती असं मला वाटत नाही, पण सरकार फार लांब होतं.

धूर भिंतीवर पसरला. दोघे भाऊ एकाच वेळी खोकले. दोघांनी एकाच हातानं, एकाच पद्धतीनं उपरणं नाकाला लावलं. मला हसू आवरेना.

"आता खरं सांगतो," साहेब धुरातून म्हणाले. "दोघांनाही सांगा. मी आज दोघांनाही नाही म्हणायला आलो होतो. महिन्याला मला जेवढा माल लागतो, तेवढा एका फौंड्रीतून निघत नाही. दोन्हींतून मिळून निघतो. माझ्या कंपनीला एकच पुरवठादार पाहिजे, एकच बिल पाहिजे. ही भिंत काढा आणि ऑर्डर घ्या. नाहीतर मी उद्या कोइमतूरच्या फौंड्रीकडे चाललो."

मी दोघांना सांगितलं. यावेळी एकदाच सांगितलं, दोघांना एकत्र.

आण्णांनी उपरणं खाली घेतलं. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "आधी तुमची क्युबाची बंदी तुम्ही काढा."

"बरोबर!" तात्या म्हणाले.

मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. पण म्हणून झालं होतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा थोरल्याच्या बोलण्याला धाकट्यानं बरोबर म्हटलं होतं.

साहेब पोट धरून हसले. "ते माझ्या हातात नाही," म्हणाले.

"आमचंबी तसंच हाय म्हणावं," तात्या म्हणाले, पण जरा मऊ आवाजात.

अलीकडच्या खिडकीत रत्नाकाकू उभ्या होत्या, पलीकडच्या खिडकीत पद्माकाकू. कपाटाची भानगड अंगावर येणार म्हणून घाबरल्या असतील, असं मी धरून चालले. आण्णांचा हात भिंतीवर टेकलेला होता, खोक्याच्या या बाजूला. तात्यांचा त्या बाजूला. आण्णा तात्यांच्या हाताकडे बघत होते. त्या हाताला भट्टीत भाजल्याचा एक जुना डाग होता. आण्णांनी घसा खाकरला.

मला वाटलं, ऑर्डर चालली. पुढच्या महिन्यापासून दोन्हीकडे एक-एक पाळी बंद होणार, माणसं कमी होणार, आणि इंग्रजी बोलणाऱ्या बाईची गरज तर आधी संपणार. म्हणून मी बोलले.

"एक वाट आहे," मी म्हणाले. "ऑर्डर तिसऱ्याच्या नावानं घ्यायची. आण्णांनी माल तिसऱ्याला द्यायचा. तात्यांनीही तिसऱ्यालाच द्यायचा. तिसरा एकच बिल करून साहेबांना पाठवील. तुमचा एकमेकांशी काही संबंधच येत नाही. भिंतीला हात लावायचं कारण नाही."

"तिसरा कोण?" आण्णांनी विचारलं.

"मी काढीन एक फर्म."

साहेबांनी सिगार तोंडातून काढला आणि माझ्याकडे नव्यानं बघितलं. "कॅनडा," ते म्हणाले.

आण्णांनी थोडा विचार केला. "मॅडमना माल विकला तर माझा नियम मोडत न्हाई."

"माझाबी न्हाई," तात्या म्हणाले. भिंतीकडे बघून नव्हे, माझ्याकडे बघून.

दोघे पेट्यांवरून उतरले. चेहऱ्यावर केवढी सुटका! अगदी घरातल्या मुंजीचं जेवण आटोपल्यासारखी. साहेबांनी खोकं तिथंच सोडलं, फक्त आणखी दोन सिगारांची देखभाल करायला घेतली, वरच्या खिशात.

महिन्याभरात सासने एक्स्पोर्ट्सची पाटी लागली. आण्णांची भट्टी पेटली. धडधड पलीकडे पोचत होती, पण तात्यांनीही नवी घेतली, त्यामुळे अलीकडेही पोचत होती. बर्जेससाहेब समाधानानं निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला वाटायचं, सासने एक्स्पोर्ट्सच्या दोन फौंड्र्या आहेत. मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. दर टनामागे दोन्हीकडून माझं कमिशन येत राहिलं आणि भिंतीला दर दिवाळीला दोन्ही बाजूंनी चुना लागत राहिला.

वैशाखात राजुलचं लग्न झालं. त्या दुपारी मी एका बिलावर सही घ्यायला आण्णांच्या घरी गेले. आण्णा फौंड्रीत जाऊन बसले होते, पलीकडची सनई ऐकू येऊ नये म्हणून भट्टीपाशी. मागच्या अंगणात रत्नाकाकू मोल्डिंगच्या पेटीवर उभ्या होत्या. नवं लुगडं नेसलेल्या, नथ घातलेल्या, मुठीत काहीतरी.

"काकू, पडाल."

"न्हाई पडत." त्यांनी पलीकडचं बघणं सोडलं नाही. मांडवाचं कापड दिसत होतं फक्त, आणि त्याच्यावरचं आंब्याच्या पानांचं तोरण. "एक विचारू काय मॅडम? त्या दिवशी तुम्ही मध्येच का बोलला ओ?"

"म्हणजे?"

"खोकं पद्मानं मुद्दाम हलवलं. पापडाचा पुडाबी मुद्दाम ठेवला. साहेब दोन्हीकडं जाणार, दोन्हीकडं बोलणार, हे आम्हाला ठाऊक होतं. ह्यांना परत द्यायला स्वतः जायला लागंल, हे मला ठाऊक होतं. चोवीस वर्षांत दोघं एवढ्या जवळ उभे राहिले नव्हते." त्यांनी नथ सारखी केली. "हे घसा खाकरत होते. माझा नवरा हाय, मला म्हाईत हाय घसा कवा खाकरतोय. आणखी जरा गप्प बसला असता तुम्ही, तर बोलले असते ते. साहेबाला न्हाई. त्याला."

मी हातातल्या बिलाची घडी घातली.

"तुमचं चुकलं असं न्हाई म्हणत मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही धंदा बघितला. चांगला केला की. आता तर ती भिंत काढायची कुणाला गरजच न्हाई उरली."

पलीकडे लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली. कडव्याच्या शेवटी 'सावधान' आलं की रत्नाकाकू मूठ उचलायच्या आणि भिंतीवरून अक्षता टाकायच्या. निम्म्या पलीकडे जात, निम्म्या अलीकडेच माझ्या पायाशी पडत. मी उभी राहून मनातल्या मनात आकडे जुळवत होते: आण्णांना भट्टी, तात्यांना भट्टी, साहेबांना तीन सिगार, मला टक्केवारी. सगळ्यांच्या जमेच्या बाजूला काही ना काही पडलं होतं. ज्यांनी डाव मांडला आणि ज्यांना त्यातून एक जेवणाचं पान एवढंच पाहिजे होतं, त्या दोघी बहिणींनी सगळ्यांचं बिल भरलं होतं. अजूनही भरत होत्या, एक मूठ अलीकडून, आणि मला खात्री आहे, रडू आवरत एक पलीकडून.

बँडचा आवाज उठला. काकू पेटीवरून खाली उतरल्या, रिकामा हात पदराला पुसला आणि माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "चला, आत चला. जेवल्याशिवाय जायचं न्हाई. आज आमच्यात लगीन हाय."